मुखाशी पांढरे तुकडे

गुरुवार, ११ फेब्रुवारी १९९९. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी नगरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राचा तास चालू असताना शिपाई ज्ञानेश्वर दार न वाजवता आत आला आणि म्हणाला, "पगारे म्याडम, गोव्याचा फोन हाय. प्रिन्सिपॉल सायबांच्या केबिनमधी." प्रज्ञा पगारे फळ्यावर थरांची आकृती काढत होती. तिने खडू ठेवला, मुलांना आकृती उतरवून घ्यायला सांगितली आणि ती बाहेर पडली. व्हरांड्यात ज्ञानेश्वर तिच्यापुढे जवळजवळ पळत होता. "एस्टीडी हाय म्याडम, चला बिगीबिगी." "बिल त्यांना चढतंय, आपल्याला नाही." "त्ये मला बी कळतंय. पर सायेब घड्याळाकडं असं बघत्यात, जनू त्यांचंच मीटर पळतंय."

फोन चार मिनिटं चालला. पलीकडे डॉ. केणी होते, डिसेंबरमधल्या समुद्रसफरीचे प्रमुख आणि तिच्या पीएच.डी.चे दुसरे मार्गदर्शक. त्यांचं म्हणणं सरळ होतं. समुद्रतळाच्या चिखलात बर्फात अडकलेला गॅस, म्हणजे हायड्रेट, आहे का, हे भोक पाडून पाहण्याचा प्रस्ताव सोमवारी दिल्लीत समितीपुढे जाणार होता. कागदावर आठ जागा, त्यांतल्या तीन घेणार. "बाकीच्या जागांना आपल्याकडं नुसत्या रेघा आहेत, प्रज्ञा. खाली आवाज सोडला, तो परत आला, कागदावर रेघ उमटली. पाचव्या जागेला तुझी नोंद आहे. माणसानं पाहिलेलं आहे. समितीला ते समजतं." ती म्हणाली, "सर, मी पांढरं लिहिलं होतं. हायड्रेट असं नव्हतं लिहिलं." "पांढरं म्हणजे काय गो? समुद्राच्या तळाला खडीसाखर असते?" ते हसले. मग त्यांचा आवाज कामाचा झाला. एक पान हवं होतं. अमुक दिवशी, अमुक वाजता मी हायड्रेट माझ्या डोळ्यांनी पाहिलं, खाली सही. पाचच्या आत फॅक्स, कारण संध्याकाळी ते निघणार होते. "आणि नाही दिलं तर?" तिने विचारलं. केणी म्हणाले, "तर पाचवी जागा जाईल. आणि पुढच्या वेळी तुला जहाजावर न्यायला माझ्याकडं काय कारण उरेल, तूच सांग."

वर्गात परतली तेव्हा मुलांनी आकृती उतरवून घेतली होती. वरचा थर, खालचा थर, मध्ये तिने अर्धवट सोडलेली रेघ. सगळ्यांनी ती रेघ तितकीच अर्धवट काढली होती. बारा वाजता तिने अर्ध्या दिवसाची रजा लिहून दिली आणि लूना काढली. सावेडीच्या रस्त्यावर ऊन पांढरं पडलं होतं, आणि पांढरं हा शब्द आला तसं तिला पुन्हा ते जहाजाचं मागचं डेक दिसलं. दिसलं की आठवलं, हे तिला ठरवता येईना. गेले दोन महिने हीच अडचण होती. ती ते दृश्य जितक्या वेळा समोर आणी, तितकं ते स्वच्छ होत जाई, आणि जितकं स्वच्छ होई तितका तिचा त्याच्यावरचा विश्वास उडे. डिसेंबरची सतरा तारीख, दुपारी तीन बेचाळीस. पाच मीटर लांबीचा लोखंडी पाइप दोन हजार मीटर खाली जाऊन चिखलात रुतून वर आला होता. तो आडवा करून ठेवला आणि त्याच वेळी वायररोप तो गुंडाळणाऱ्या चरकात अडकला म्हणून सगळे तिकडे धावले. पाइपच्या तोंडाशी ती एकटी, हातात नोंदवही. तोंडात हिरवट काळा चिखल, आणि त्यात पांढरे तुकडे. गारांचा चुरा पडावा तसे, बोटाच्या पेराएवढे, चार किंवा पाच. हातमोज्याच्या बोटाने तिने एक दाबला. सोड्याच्या बाटलीसारखं फसफसलं. तिने लिहिलं, मुखाशी पांढरे तुकडे, बर्फासारखे, फसफस, वास. मग मोठ्याने हाक मारली. डॉ. केणी चार मिनिटांनी आले तेव्हा तोंडात पातळ झालेला चिखल होता आणि त्यात काही भोकं होती. कॅमेरा केबिनमध्ये होता, आणि असता तरी उपयोग नव्हता. सगळा रोल तिने आदल्या दिवशी डॉल्फिनांवर संपवला होता. डॉ. केणींनी भोकांत बोट घातलं, तिच्याकडे पाहिलं, विचारलं, "तू पाहिलंस ना?" ती हो म्हणाली. त्यांनी ओरडून चहा मागवला आणि चरकावरच्या माणसाला मिठी मारली.

तो हो खोटा नव्हता. पण त्याच्याआधी वास आला होता. सडक्या अंड्यासारखा, गोड, जिभेच्या मुळाशी बसणारा. त्या वासाने तिचे डोळे क्षणभर मिटले होते, आणि मिटल्या डोळ्यांपुढे पांढरं आलं होतं. ते पांढरं सोळा वर्षांपूर्वीचं होतं, वडिलांच्या जोडीदाराच्या, कानिफनाथच्या ओठांवरच्या फेसाचं. डोळे मिटण्याआधी तुकडे दिसले की उघडल्यावर, आणि उघडल्यावर दिसले असतील तर ते पाइपात होते की डोळ्यांत, हे नोंदवहीत लिहायला रकाना नव्हता. रात्री जेवताना डॉ. केणींनी सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, की हा बर्फ पेलाभर घेतला तर त्यातून दीडशेहून जास्त पेले गॅस निघतो, काडी लावली तर बर्फ जळतो, आणि देशाला शंभर वर्षं पुरेल एवढा तो खाली असू शकतो. मग उलटी वाटी ताटात ठेवून ते म्हणाले होते, हा थर म्हणजे झाकण. झाकणाखाली मोकळा गॅस कोंडलेला असू शकतो. भोक पाडताना तेवढं सांभाळायचं. वर जहाजावर साठ माणसं असतात. प्रज्ञाला तेव्हा ती वाटी सरळ करून ठेवावीशी वाटली होती. तिने हात पुढे केला आणि लोणचं घेतलं.

१९८३चा मे महिना. तिची दहावीची परीक्षा झाली होती. दादा, म्हणजे तिचे वडील रंगनाथ पगारे, राहात्याच्या पंचक्रोशीत गोबरगॅसचे मिस्त्री म्हणून ठाऊक होते. पेरूच्या बागांमधल्या वस्त्यांवर त्यांनी बांधलेले तीसेक खड्डे होते, विहिरीसारखे गोल, वर लोखंडी टाकी तरंगणारे. गॅस पहिल्यांदा पेटवायचा तेव्हा मिस्त्रीला बोलवून त्याच्यासमोर दूध उतू घालवायची तिकडे पद्धत पडली होती. आबासाहेबांच्या वस्तीवर दूध उतू गेलं तेव्हा दादा अंगणात उभे होते. घरधनीण केशरबाईंनी स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "मिस्त्री, निळा जाळ हाय बरं का," आणि दादांनी तिथूनच मान हलवली. त्याला पाच वर्षं झाली आणि या मे महिन्यात त्याच खड्ड्याच्या तळाला गाळ बसला, गॅस यायचा थांबला. टाकी काढली, दोन दिवस शेण उपसलं, तळाला हातभर घट्ट साय राहिली. दादा आणि दोन गडी अंगणात टाकीचा गंज खरवडत होते. प्रज्ञा भाकरी घेऊन गेली होती. कानिफनाथ, बारा वर्षं दादांबरोबर काम करणारा जोडीदार, पाथर्डीकडचा, खड्ड्याच्या काठावर पाय सोडून बसला होता. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून पाहायचा, विझला तर उतरायचं नाही, हा सगळ्या मुलखाचा रिवाज, आणि खड्डा विहिरीसारखाच दिसत असल्यामुळे त्यालाही तोच लावत. "प्रज्ञे, सोड गं कंदील खाली," कानिफनाथ म्हणाला. "मला आता ऊन लागलं की डोळ्यांपुढं काजवं चमकत्यात. तू शिकल्याली हायस, तू बघ." तिने दोर सोडला. दुपारचा एक वाजला होता, सूर्य डोक्यावर. कंदिलाची काच खाली जाताना उन्हाने अशी चमकली की आत ज्योत आहे की ऊन, ते कळेना. "जळतोय का इझला? नीट बघ, न्हाईतर तुझ्या बापाला नवा जोडीदार हुडकावा लागंल." ती हसली. हसतहसत म्हणाली, "जळतोय." तो उतरला. फावड्याचे दोन घाव ऐकू आले, तिसरा आला नाही.

पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर तिने सही केली. आयुष्यातली पहिली सही, शाळेच्या बाहेर. कंदील जळत असल्याचे मी समक्ष पाहिले. दहाव्या दिवशी कानिफनाथची बायको लंकाबाई दारात येऊन बसली. रडली नाही. पाणी प्यायली आणि विचारलं, "पोरी, जळत हुता ना गं?" प्रज्ञा म्हणाली, "व्हय मावशी." लंकाबाईने तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं. गावात बोललं गेलं की पोरीला नीट दिसलंच नाही, एवढ्या उन्हात काय दिसणार. दादांनी त्यावर कधी काही म्हटलं नाही. तो कंदील घरात खुंटीला तसाच लटकत राहिला, फुटक्या काचेचा, आणि आईने बाजारातून दुसरा आणला. पुढे प्रज्ञाने विज्ञान घेतलं, मग दगड घेतले. दगड जागचे हलत नाहीत, पुन्हा जाऊन पाहता येतात, दुसऱ्यालाही दाखवता येतात. एम.एस्सी.ला असताना एका पुस्तकात वाचलं की शेणाच्या खड्ड्यात गंधकाचा एक वायू असतो, तो अगदी थोडा असला तरी माणूस मरतो आणि दिवा जळतच राहतो. ते पान तिने तीन वेळा वाचलं. पण दिवा जळतच होता हे त्या पानाने सिद्ध होत नव्हतं. तो जळत असला तरीही असं घडू शकलं असतं, एवढंच.

घरी आली तेव्हा साडेबारा झाले होते. दादा ओट्यापाशी स्टूल घेऊन बसले होते आणि शेगडीचा बर्नर सुईने साफ करत होते. आई गेल्यापासून ते नगरलाच तिच्याकडे होते, आणि सिलेंडरच्या गॅसला त्यांनी अजून मनापासून गॅस मानलं नव्हतं. "लवकर आलीस? संप हाय का काय?"

"रजा घेतली." ती दारातच उभी राहिली. चप्पल काढली नाही. "दादा, गोव्याहून फोन आला होता." तिने सगळं सांगितलं. जहाज, पाइप, पांढरं, सही, पाच वाजता. ते ऐकत होते, सुई चालू होती.

"दर्यातबी गोबरगॅस निघतो म्हन की," ते म्हणाले. "शेन कोन टाकतं तितं?"

"मासे मरतात, कुजतात. लाखो वर्षं."

"आन थंडीनं गोठतो. बरं हाय. आमच्या गॅसला हिवाळ्यात उलटं, निघायचाच न्हाई." त्यांनी बर्नरमधून फुंकर मारली. "मग कर की सही. पाह्यलंस ना?"

"तेच कळत नाही." आणि मग, जे सोळा वर्षांत तिने विचारलं नव्हतं ते तिच्या तोंडून इतकं साधं बाहेर पडलं की तिलाच आश्चर्य वाटलं. "दादा, त्या दिवशी कंदील जळत होता का?"

सुई थांबली. बाहेर कुणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं. दादांनी बर्नर फडक्यावर उपडा ठेवला.

"जळत हुता," ते म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत? तुम्ही टाकीपाशी होतात."

"कानिफला वर काढला. समदी त्याच्याकडं पळाली. मी दोर वढला, कंदील वर घेतला. जळत हुता. मीच फुकला."

ती भिंतीला टेकली. गार भिंत. आनंद झाला असं म्हणता येईना. "मग सांगितलं का नाहीत? गाव म्हणत होतं पोरीला दिसलं नाही. लंकाबाईलाही तसंच वाटलं असेल. सोळा वर्षं, दादा."

"काय सांगू?" त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "कंदील जळत हुता म्हनलं तर मग कानिफ कशानं मेला? माझ्या खड्ड्यानं. तीस खड्डे बांधल्याले मी, तीस घरं. आबासायेब म्हनले, मिस्त्री, सांच्यापातूर उरकून घ्या, उद्या पावनं यायचेत. मी कानिफला म्हनलं, कंदील सोड आन उतर, काय हुत न्हाई. ती साय फोडली आन खालचं कोंडल्यालं समदं त्याच्या तोंडावर आलं. कंदील खरा बोलला, प्रज्ञे. पर त्यो आदीचं बोलला. फावडं मारल्यावरचं त्याला काय ठाव?" ते थांबले. "लोक तुझ्या डोळ्याला नाव ठेवीत हुते. ठेवू दिलं. पोरीचं लगीन व्हईल, गाव सुटंल, इसरंल, म्हनलं. माझा धंदा ऱ्हाईल."

"कंदील आणखी कुणी पाहिला?"

"कोन बघनार? म्हनलं ना, समदी तिकडं हुती."

"काच फुटलेली होती त्याची."

"त्ये मागनं फुटलं," ते म्हणाले आणि पुन्हा सुई हातात घेतली. त्यांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं. खरं बोलताना ते कधीच कुणाकडे पाहत नसत, हे तिला माहीत होतं. खोटं बोलतानाही पाहत नसत. पासष्ट वर्षांचा माणूस, मुलीला पाचच्या आत एक सही करायची आहे, तिचा डोळ्यांवरचा विश्वास गेला आहे, तो परत द्यायला त्याच्याकडे एवढंच आहे. की हे खरंच इतकी वर्षं आत कोंडलेलं होतं, आणि तिनेच आज साय फोडली? साक्षीदार एक. फोटो नाही.

मग दोघं जेवली. भाकरी, मेथी, दादांना दात नाहीत म्हणून कुस्करून. दोन वाजता ती टेबलापाशी बसली. डॉ. केणींना हवं होतं तसं एक पान तिने इंग्रजीत लिहिलं. ते सात मिनिटांत झालं, कारण त्यात सांगितलेलंच वाक्य होतं. तिने ते वाचलं. कंदील जळत असल्याचे मी समक्ष पाहिले. तेच वाक्य होतं, भाषा दुसरी. ते खोटं नसेलही. पण जळत असलेल्या कंदिलाने कानिफनाथला वाचवलं नव्हतं, आणि पांढऱ्या तुकड्यांवरून पाचव्या जागेवरच्या साठ माणसांना त्या झाकणाखाली काय आहे ते कळणार नव्हतं. नीट पाहणं आणि पुरेसं पाहणं यांत फावड्याच्या दोन घावांचं अंतर होतं. ती उठली, पाणी प्यायली. जहाजावरची ती पहाट आठवली, जेव्हा पाण्याला रंगच नव्हता आणि आपण राहात्यापासून किती लांब आलो असं वाटून ती एकटीच हसली होती. ते जहाज पुन्हा मिळणार नाही. पीएच.डी.ची दोन प्रकरणं त्याच चिखलावर उभी होती. खोलीतून दादांच्या खोकल्याचा आवाज आला, मग पेपर उलटल्याचा. तिने पहिलं पान फाडलं नाही, वहीत ठेवलं. दुसरं घेतलं. लिहिलं, की सतरा डिसेंबरला दुपारी तीन बेचाळीसला पाइपच्या मुखाशी मी पांढरे तुकडे पाहिले असं मला वाटतं. ते काय होते हे मी सांगू शकत नाही. सोबत दुसरं कुणी नव्हतं. त्या वेळी आलेला वास मला पूर्वीपासून ओळखीचा होता आणि त्यामुळे माझ्या पाहण्यावर परिणाम झाला असण्याची शक्यता मी नाकारत नाही. त्याखाली तिने आणखी एक वाक्य लिहिलं: या एका नोंदीवरून कुणी खाली जाऊ नये. ते तिने वाचलं. शास्त्राच्या कागदात असं वाक्य शोभत नाही. तिने त्यावर सरळ एक रेघ मारली आणि खाली सही केली.

चार चाळीसला ती कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमध्ये होती. बूथवाला नितीन कुणाला तरी फोनवर क्रिकेटचा स्कोअर विचारत होता. त्याने फोन ठेवला, कागद घेतला, उजेडात धरला. "इंग्लिश. मस्त. प्रमोशन का म्याडम?"

"उलटं."

"उलटंच लावायचं असतं, तोंड खाली." त्याने कागद मशीनमध्ये सरकवला आणि मग तो पुन्हा बाहेर ओढला. "ही वळ खोडलीय. नवा कागद देऊ का? खोडल्यालं बी जातं हां तिकडं. समदं वाचता येतं. लोकान्ला वाटतं रेघ मारली म्हंजे गेलं."

ती त्या ओळीकडे पाहत राहिली. एकच रेघ, पट्टी न लावता, तिच्या हाताची. अक्षर न् अक्षर लागत होतं. "राहू दे," ती म्हणाली. "जाऊ दे तसंच."

मशीनने कागद ओढून घेतला आणि खालून पुन्हा तिच्या हातात दिला. नितीन म्हणाला, "बघा, कागद हितंच ऱ्हातो म्हनून लई जनी भांडत्यात माझ्याशी. गेलाच न्हाई म्हनत्यात." मशीनमधून चिठ्ठी आली: चार अठ्ठेचाळीस, पान एक, पोचलं. त्या दिवशी गोव्याहून फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. सोमवारी समिती बसली असावी. दादांनी त्या आठवड्यात एकदा विचारलं, "काय लिवलंस मग?" ती म्हणाली, "पांढरं दिसलं असं वाटतं म्हणून." ते म्हणाले, "आन कंदिलाचं?" ती म्हणाली, "ते नाही लिहिलं." त्यांनी मान हलवली, अंगणात उभं राहून हलवली होती तशी.

शनिवार, २७ फेब्रुवारी, दुपारी तीन वाजता टपालाने पाकीट आलं. आत एकच कागद होता, समितीने मान्य केलेल्या तीन जागांची यादी, टंकलेली. दुसरी, पाचवी, आठवी. पाचव्या जागेसमोर कारणाच्या रकान्यात होतं: प्रत्यक्ष निरीक्षण, एक. तळाशी लिहिलं होतं, निरीक्षकाचे निवेदन पुरवणीत जोडले आहे. पुरवणी पाकिटात नव्हती. सव्वातीनला तिने बूथवरून गोव्याचा नंबर लावला. तीन वेळा नुसती घंटा वाजली. चौथ्या वेळी कुणीतरी उचलला. सर नाहीत, जहाजावर आहेत, तो माणूस म्हणाला. खोदाई डिसेंबरात, पण आधी आणखी नमुने काढून ठेवायचं ठरलं. बुधवारी निघाले. पाचव्या जागेवर आज पोचले असतील.